ठिपके

पहाटे चार वाजून सहा मिनिटांनी
सावद्याहून फोन: दार उघडत नाही.

दार म्हणजे आपलं ते, हजेरीचं सॉफ्टवेअर.
नाव विचारतं, मग पासवर्ड, मग आत घेतं.
आत म्हणजे मजुरी.
आत न येता केळीच्या घडाला हात लावला
तर तो घड कुणीच उचललेला नसतो.

मी जळगावात, रिंग रोडला, तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीचे गज मे महिन्याच्या रात्रीतही कोमट.
सर्व्हरचे आठही हात गुंतलेले.
चोरी नाही. कुलूप शाबूत.
एकही परका आत गेलेला नाही
आणि एकही आपला.

तिकडे ट्रकपाशी सायबू तडवी
चौथ्यांदा आपलं नाव टाकत होता.
मागे गमदास, त्याची बायको रुमली,
पालहून आलेली अठरा माणसं.
स्क्रीनवर ते गोल फिरतंय.
थांबा म्हणत नाही, जा म्हणत नाही,
खळ्यात मेढीभोवती बैल फिरावा तसं,
फक्त दाणा पडत नाही.

मी नोंदी उलगडल्या.
पासवर्ड तिथे कुणी लिहून ठेवत नाही, ठेवूही नये.
लांबी तेवढी दिसली:
एक लाख चार हजार सातशे बारा अक्षरं.
आठ वेळा. एकाच टेबलावरून.

आता हे यंत्र कसं, ते सांगते.
पासवर्ड आहे तसा ते कधी ताडून पाहत नाही.
कांडतं, चाळतं, पुन्हा कांडतं, हजारो वेळा,
पिठावरून दाणा कुणाला ओळखता येऊ नये म्हणून.
आठ-दहा अक्षरांचं कांडण पापणी लवायच्या आत होतं.
पण आम्ही एक विचारायला विसरलो होतो
(आम्ही म्हणजे मी, तीन वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी संध्याकाळी):
पोतं केवढं आहे?
कुणी सातपुडा आणून ओतला असता
तरी ते बरं म्हणून मुसळ उचलणारच होतं.

आधी घाबरले. वाटलं, कुणीतरी डाव साधला.
व्यापाऱ्यांची भांडणं आठवली,
मार्चमध्ये काढून टाकलेला पोरगा आठवला.
त्याचं नाव मी साहेबांच्या मेलमध्ये
अर्धं टाइप केलं होतं.
ते अर्धं नाव मला अजून खुपतं.

मग टेबल सापडलं. मुनीम डिगंबर झोपे.
आडनावाला हसू नका, मी हसून घेतलंय.
लागोपाठ तिसऱ्या रात्रीचं लोडिंग,
पासवर्डच्या चौकटीपर्यंत पोहोचले
आणि कोपर कळफलकावरच राहिलं.
अठ्ठावन्न मिनिटं
त्यांच्या झोपेतून एकच अक्षर चालत होतं,
सेकंदाला तीस पावलं.
जाग आली तेव्हा समोर ठिपके, नुसते ठिपके.
"मले वाटलं लिहून झाला," ते फोनवर म्हणाले,
"म्हनून एंटर दाबलं.
काही होये ना, म्हनून पुन्हा दाबलं."

दुरुस्ती एका ओळीची.
एकशे अठ्ठावीसच्या पुढे अक्षर गेलं की ऐकू नको.
लिहिताना बोट जरा अडलं.
दारावर बसवलेल्याला मी शिकवत होते
समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायला.
शिकवलं.

पाच बावीसला सायबू आत गेला.
पहिल्या ट्रकला ऊन लागलंच.
आणि तो सव्वा तास,
अठरा माणसं रिकाम्या हातांनी दाराशी उभी होती तो,
हजेरीत कुठेच नाही.
उभं राहणं नोंदवायलासुद्धा
आधी आत यावं लागतं.
हे दुसरं भोक. साहेबांना मी तेच पहिलं लिहिलं.
उत्तर यायचंय.

झोपे आता एका बोटानं टाइप करतात,
डावा हात मांडीखाली दाबून,
आणि प्रत्येक ठिपका मोठ्यानं मोजतात.